जाळं ओलांडल्यानं छाती फाटत नाही

बाबा, तुला गॅस झाला नव्हता. आणि जाळ्यानं तुझा गळाही धरला नव्हता. तुझ्या हृदयाची भिंत फाटली होती. हे सांगायला मला तीसेक वर्षं उशीर झाला, कारण मलाच ते आत्ता कळलं, आणि कळलं तेही माझी स्वतःची भिंत फाटली म्हणून. तू म्हणशील, पोरगी पन्नाशीला आली तरी भांडायची काही थांबत नाही. हो, भांडायलाच बसले आहे. तू होतास तेव्हा तुझ्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती. आता तू टॉवेल खांद्यावर टाकून उठून जाऊ शकत नाहीस, म्हणून सगळं ऐकून घे.

तुला माहीत नाही, मी एसटीत कंडक्टर आहे. तू गेलास तेव्हा अकरावीत होते, आणि हिचं एकदाचं उरकून टाका असं सगळ्यांचं चाललं होतं. मी नाही म्हटलं. तेव्हाही नाही म्हटलं आणि नंतरही कधी हो म्हटलं नाही, आणि त्यावर गावानं मनसोक्त तोंडसुख घेतलं. आता सावली गावात खोली करून राहते. खाकी घालून गडचिरोली-चंद्रपूर गाडीवर पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा आपल्या गावच्या वळणावर तुझ्या तलावाची पाळ दिसली आणि मी उगाचच दोनदा बेल मारली. ड्रायव्हर म्हणाला, गाडी त चालूच आहे बाई, बेल काऊन मारून राह्यल्या? मी म्हटलं, काही नाही, चला. त्यानंतर त्या वळणावरून किती वेळा गेले असेन. दर वेळी त्या खिडकीकडे पाठ करूनच तिकिटं दिली.

यंदा धान कापणीच्या दिवसांत गाडी मजुरांनी खचाखच भरली होती. विळे पिशवीत, पिशव्या पायात, पोरं मांडीवर. मूल गावचा स्टँड सोडला आणि माझ्या छातीवर कोणीतरी भरलेलं पोतं ठेवावं तसं जड झालं. जबडा दुखायला लागला. थंडीचे दिवस, तरी खाकी पाठीला चिकटली. एका म्हातारीनं मला तिच्या जागेवर बसवलं आणि पदराच्या गाठीतला ओवा चारला. ड्रायव्हर म्हणाला, गाडी मागं वळवतो, दवाखान्यात दाखवून घ्या. आणि मी काय म्हटलं असेल? गॅस आहे, म्हटलं. तुझीच लेक. गडचिरोलीपर्यंत ड्युटी केली, दोन दिवस खोलीवर पडून राहिले, जरा बरं वाटलं तशी पुन्हा गाडीवर गेले. सगळे म्हणाले, काय हिंमत आहे बाईची. मलाही ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग महिनाभरात गाडीची पायरी चढताना धाप लागायला लागली. ज्या पायरीवर मी माणसांवर ओरडायचे, चढा लवकर, तिच्यावरच दांडा धरून उभी राहायला लागले. शेवटी चंद्रपूरला दाखवलं. डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान, बोलायला शांत. तिनं छातीला नळी लावली आणि लावलेलीच ठेवली. मग यंत्रावर इको काढला, पुन्हा काढला, आणि माझा हात धरून मला हळूच बसवलं. म्हणाली, तुम्हाला मागे अटॅक येऊन गेला आहे. हृदयाच्या ज्या भागाला रक्त मिळालं नाही तो भाग मेला, आणि मेलेलं मांस मऊ पडतं. अटॅकनंतरच्या पहिल्या आठवड्यात ते सगळ्यात कच्चं असतं. माणसाला वाटतं आपण बरे झालो, आणि नेमकी तेव्हाच भिंत फाटते. फाटली की रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत भरतं, हृदय चेपलं जातं, आणि बहुतेक वेळा दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही. माझी भिंत फाटली, पण नेमकी त्याच जागी ती पिशवी चिकटून बसली होती, म्हणून रक्त बाहेर येऊन तिथंच अडकून राहिलं आहे. स्युडो-अॅन्युरिझम म्हणतात त्याला. खोटा फुगा. खोटा, कारण त्याला हृदयाची स्वतःची भिंतच नाही. मी म्हटलं, म्हणजे तलावाची पाळ फुटली, पण बाहेरच्या गाळानं आणि झुडपांनी पाणी धरून ठेवलं, तसं? ती म्हणाली, हो, अगदी तसं, आणि गाळाच्या भरवशावर राहता येत नाही, ऑपरेशन करावं लागेल.

मग तिनं विचारलं, घरात कोणाला हृदयाचा त्रास होता का? मी म्हटलं, नाही. वडील गेले, पण ते गॅसनं. आजारी पडले, बरे झाले, आणि चार-पाच दिवसांनी तलावावर जाळं ओढताना बसल्या जागी गेले. ती लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, तुम्ही तिथं होता का? होते, म्हटलं. तेव्हा तिनं विचारलं, "त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या का?"

बाबा, हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिलाच काय, या जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं. गावातल्या ज्यांनी ते पाहिलं, ते त्याला शिरा म्हणत नव्हते, जाळ्याचे वळ म्हणत होते.

तो उन्हाळा तुला आठवत असेल. तू सायकलवर मासे घेऊन बाजाराला गेला होतास आणि पायी परत आलास, सायकल ढकलत. अंगणातच खाली बसलास. घामानं बनियान पिळून निघेल इतकी ओली. मायनं ओव्याचं पाणी दिलं, छाती चोळली, पुजाऱ्यानं येऊन अंगारा लावला. दोन दिवस पडून राहिलास. मग उठून पेज प्यालास, मग भात खाल्लास, आणि लोक म्हणाले, उठला म्हणजे बरा झाला. आपल्या ढीवरांत हीच तर रीत. माणूस उठला की बरा, पडला की आजारी, मधलं काही नाही. त्यात तलाव उतरला होता आणि मोठं जाळं ओढायचा दिवस ठरला होता. ज्याचा हात दोराला नाही त्याचा वाटा नाही, हा नियम तुझ्या आज्यापासूनचा. पण तू वाट्यासाठी नाही गेलास, हे मला तेव्हाही कळत होतं. ओढायची हाक तू द्यायचास. तू नसलास तर दुसऱ्या कोणी दिली असती, आणि तेच तुला सोसवत नव्हतं.

ओढायच्या दिवसाची सकाळ. जाळं आपल्याच अंगणात पसरलेलं आहे. चार जण त्याची घडी घालून राह्यले आहेत. तू वाकून एक टोक उचलतोस आणि वाकलेलाच राहतोस, श्वास घेत. माय चुलीपाशी आहे. ती तुला पाहते, हातात भाताचा चमचा तसाच, आणि धावते. तुझ्या आणि तिच्या मध्ये जाळं आहे. वळसा घालून यायला वेळ लागला असता. ती सरळ येते, जाळ्यावरून, आणि तुझा दंड धरते. "नोका जाऊ," म्हणते, "अंग थंडगार पडून राह्यलं तुमचं." घडी घालणारे चौघेही हात आखडतात. जाळं ओलांडायचं नाही, बाईनं तर नाहीच. हे तूच मला शिकवलं होतंस. आठेक वर्षांची असताना खेळता खेळता मी जाळ्यावरून उडी मारली, तर तू मला जाळ्यासमोर नाक घासायला लावलं होतंस, आणि मग जेवताना तुझ्या ताटातलं रोहूचं मुंडकं उचलून माझ्या भातावर ठेवलं होतंस. दोन्ही एकाच दिवशी. तर त्या सकाळी तू मायकडे पाहिलं नाहीस. तू खाली जाळ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "काय केलंस व तू हे?"

तिच्याशी तू शेवटचं बोललास ते हे.

तलावावर मी टोपल्या घेऊन पाळीवर उभी होते. तू दोराच्या पुढच्या टोकाला, मांडीभर चिखलात. हाक देता देता आवाज मध्येच तुटला आणि तू चिखलात बसलास, जसं काही बसायचंच होतं. पाळीवर आणलं तेव्हा तोंड राखेसारखं झालं होतं, ओठ निळे, आणि मानेच्या दोन्ही बाजूंनी शिरा टरारून वर आलेल्या. मी पाहतच होते आणि तू गेलास. कोणीतरी म्हणालं, पाहा, जाळ्यानं गळा आवळला, वळ उठले. बस, एवढंच. त्यापुढे कोणाला काही विचारायची गरज पडली नाही.

मायला कोणी मारलं नाही, घरातून काढलं नाही. तसं केलं असतं तर मी निदान दगड तरी भिरकावला असता. लोक चांगलेच वागले. फक्त ओढायच्या दिवशी तिनं पाळीवर येऊ नये असं ठरलं. लग्नात जाळ्याची पूजा निघाली की तिला आत काहीतरी काम निघायचं. ती रस्त्यानं निघाली की बायका वाळत घातलेलं जाळं गोळा करायच्या, हसून, बसा ना बाई म्हणत. मग तीच वळसा घालून जायला लागली. अजूनही जाते. सत्तरीच्या पुढची म्हातारी, गुडघे वाकत नाहीत, आणि विहिरीवरून घरी यायला अख्ख्या आळीला फेरी मारते, कारण मधल्या अंगणात कोणाचं तरी जाळं पसरलेलं असतं. आणि वाईट काय सांगू, तिलाच ते पटलं आहे. गावापेक्षा तिला जास्त पटलं आहे.

डॉक्टरीणबाईनं माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे शपथेवर सांगू शकत नाही, पण छातीत जड होणं, घाम, चार-पाच दिवसांनी जोर लावताना अचानक कोसळणं आणि त्या शिरा, हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. रक्त पिशवीत भरलं, हृदयात परत येणाऱ्या रक्ताला वाट राहिली नाही, म्हणून मानेत तुंबलं. आई त्यांना झोपून राहा म्हणत होत्या ना? त्यांचं बरोबर होतं. बाबा, मी त्या खुर्चीवर बसून रडले, आणि स्वतःसाठी एक टिपूसही नाही. तीस वर्षांत मायचं बरोबर होतं असं म्हणणारं पहिलं माणूस मला चंद्रपुरात भेटलं.

नागपूरच्या दवाखान्याची तारीख मिळाली आणि मी गावी गेले. दादानं लगेच सुरुवात केली. "चालतं-बोलतं माणूस काऊन चिराचं? जेवून राह्यली, बोलून राह्यली, का झालं तिले?" त्याचं प्रेम आहे माझ्यावर, म्हणूनच तो असं बोलतो, हेही खरं. त्याच्या मते मायनं जाळं ओलांडलं त्याची सावली आता माझ्यावर पडली, आणि ओढीच्या आधी जाळ्यापुढे नारळ आणि कोंबडं दिलं की उतरेल. मी म्हटलं, कोंबडं खायला माझी ना नाही, पण माझ्या नावानं कापू नका. ऐकतो कोण! दुसऱ्या दिवशी तलावापाशी जाळं पसरलं, पुरुष जमले, माय लांब मोहाच्या झाडाखाली बसली, तिच्या नेमून दिलेल्या जागी. मी सगळ्यांसमोर उभी राहून डॉक्टरीणबाई जे बोलली ते सांगितलं. भिंत कशी मऊ पडते, कशी फाटते, शिरा का फुगतात. गाडीत साठ माणसांना मागं सरकवणारा माझा आवाज, शेवटच्या माणसापर्यंत पोचला. एक म्हातारे भाऊ, तुझ्याबरोबर दोराला असायचे ते, म्हणाले, ते डाक्टरचं डाक्टरपाशी, बाई, इथी जाळं आहे. माझं टाळकंच फिरलं. मी चप्पल काढली आणि जाळ्यावर पाय न देता, नीट, सावकाश, या बाजूनं त्या बाजूला ओलांडून गेले. मग परत ओलांडून आले, कारण चप्पल इकडेच राहिली होती. माझ्या छातीला काही झालं नाही. इतक्या वर्षांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि मग मी मोहाच्या झाडाकडे पाहिलं तर माय तिथं नव्हती. घरी गेली होती, वळसा घालून.

तिनं त्या दिवशी भाताला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी ओरडले, मग समजावलं, मग कागदावर हृदय काढून दाखवलं. तिनं सगळं पाहिलं, मान हलवली आणि म्हणाली, "डाक्टरीनले जाळ्याचं का मालूम?" मी म्हटलं, माय, तुझं बरोबर होतं, तू त्याला जाऊ नको म्हणत होतीस. तर म्हणते कशी, "त्यायनं सोताच म्हतलं ना मले, काय केलंस म्हून. मरता माणूस खोटं बोलते का?" आणि मग, भिंतीकडे तोंड करून, "आता तुले काई झालं त तेही माह्याच डोक्यावर. त्यायले खाल्लं, आता पोरीले."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऑपरेशन सोपं नाही. डॉक्टरीणबाईनं लपवलं नाही, म्हणाली, धोका आहे, पण न करण्यात त्याहून जास्त आहे. छाती उघडणार, तो खोटा फुगा काढणार, भोकावर ठिगळ लावणार. मी वाचेन की नाही ते मी पाहून घेईन. पण नाही वाचले, तर गाव म्हणणार, पाहा, जाळं ओलांडलं होतं. आणि लेकीला हा वेडेपणा शिकवला कोणी? आईनं. माझं मरणही त्या म्हातारीच्या खात्यावर चढणार, आणि ती ते मुकाट्यानं घेणार. गावाला मी पुरून उरले असते. दादाला उरले असते. पण तिच्या मनात गावाचा शब्द नाही बसलेला, बाबा, तुझा बसलेला आहे. आणि तुझा शब्द मागं घ्यायला तू नाहीस. मला तुझा इतका राग कधीच आला नव्हता. घाबरून चार शब्द बोललास आणि चालता झालास, आणि आम्ही ते तीस वर्षं उचलून फिरतो आहोत.

मी आयुष्यभर पुजाऱ्यांना हसले. अंगारे पुसून टाकले, कोणाच्या स्वप्नात कोण आलं हे गाडीत ऐकलं की तोंड फिरवलं. तर तीच मी सकाळी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, माय, बाबा आला होता स्वप्नात. तिनं एकदम मान वळवली. मी म्हटलं, तो म्हणाला, "मी तवा घाबरलो होतो, म्हून बोललो. तिचा काई दोष नाई. तिनं सांग्तलं ते ऐकाले पाह्यजे होतं मी." ती जवळ सरकली. मग हळूच विचारलं, अंगावर काय होतं? बनियान, म्हटलं, आणि खांद्यावर टॉवेल. तब्येत? चांगली होती, भरला होता जरा. मग पदर सारखा करून, लाजल्यासारखं, "मले का म्हून हाक मारली?" आता आली का पंचाईत! तू तिला नावानं कधी हाक मारली नाहीस, एवढं माहीत होतं. मी म्हटलं, अवं म्हणाला. अवं, ऐकली का. तिचा हात तोंडावर गेला. "हो," म्हणाली, "तसेच म्हनत." आणि उठली, चुलीपाशी गेली, भात वाढून घेतला आणि वाळल्या झिंग्यांच्या चटणीशी खाल्ला, माझ्याकडे पाठ करून, सगळा. दुपारी विहिरीवर गेली. मी दारातून पाहत होते. येताना त्या अंगणापाशी थांबली, घागर दुसऱ्या हातात घेतली आणि जाळ्याच्या कडेकडेनं, अंगणातूनच घरी आली.

परवा नागपूरला जायचं आहे. दादा येतो म्हणाला आहे, तोंड वाकडं करून का होईना. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून ते इथंच राहील. पण एक सांगून टाकते. तू माझ्या स्वप्नात आला नाहीस. त्या दिवशी नाही, आणि इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी वाट पाहणं सोडूनही खूप दिवस झाले. तरी माय तिकडे आली की पहिलं तेच विचारेल, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. तू फक्त हो, गेल्तो, एवढं म्हण. आणि परवा काही कमी-जास्त होऊन मीच आधी आले, तर बरंच आहे. ती येईपर्यंत आपण दोघं बसून काय सांगायचं ते ठरवून ठेवू.